पिठल्याची खरवड

मागच्या रविवारी फोनवर बोलताना तुम्ही दोघं माझ्या ताटात डोकावलात. थोरली म्हणाली, "आजी, हे तर मागच्या रविवारचंच जेवण आहे." धाकट्याने तिची चूक काढली, "त्याच्याही मागच्या!" मी हसून विषय बदलला. तिकडे मेलबर्नला तुमची झोपायची वेळ होत आली होती आणि या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखं नव्हतं. आता निवांत बसून लिहिते. कॉलेजात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवल्यामुळे मला कुठलीही गोष्ट क्रमाने सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तेव्हा थोडा धीर धरा.

सुरुवात माझ्या गुडघ्यांपासून करावी लागेल. बेळगावात, अनगोळातल्या आपल्या घराच्या गच्चीवर जायला जो जिना आहे, तो मी चढणं सोडलं त्याला बराच काळ झाला. आधी गच्ची सुटली, मग कोपऱ्यावरचं दुकान, मग विहारात जाणंही गाडीशिवाय होईना. डॉक्टरांनी फोटो पाहिले आणि सरळ सांगितलं, "दोन्ही गुडघे बदलावे लागतील. पण मॅडम, आधी वजन उतरवा, साखर ताब्यात आणा. त्याशिवाय मी तारीख देणार नाही."

मी त्यांना एकच विचारलं, "नंतर मला विमानाने लांब जाता येईल?"

"लांब जा, तिथे चाला, जिने चढा. पण आधी वजन."

तुमच्या घरी मी शेवटची आले तेव्हा धाकटा पाळण्यात होता. आता तो पाठीवर त्याच्याएवढंच दप्तर घेऊन शाळेत जातो. शाळा घरापासून दोन वळणांवर आहे आणि वाटेत एक मोठं झाड आहे, असं तुमच्या आईने सांगितलंय. एकदा तरी त्याचा हात धरून त्या वाटेने चालत जायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. गाडीत बसून नाही, चालत.

आहार ठरवून देणाऱ्या बाईंनी मला आठवड्याचा बेत आखून दिला होता. सोमवारी ओट्सचा उपमा, मंगळवारी कसलंसं सॅलड, बुधवारी पनीर, रोज नवं. त्यांचं म्हणणं, जेवणात विविधता असली की माणूस कंटाळत नाही. मी तो बेत काही दिवस पाळला आणि थकले. सकाळी उठल्यापासून डोक्यात फक्त खाणंच. काय भिजवायचं, काय आणायचं, किती घ्यायचं. आयुष्यात कधी केला नव्हता इतका जेवणाचा विचार मी वजन कमी करायला लागल्यावर करू लागले. शिवाय माझा एक जुना नियम होता, मुलांनाही तोच शिकवायची. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं. नाहीतर काय केल्याने काय झालं, हे कळत नाही.

म्हणून मी ठरवलं, रोज एकच जेवण. सकाळी ताक घातलेली नाचण्याची आंबील. दुपारी जोंधळ्याची एक भाकरी, वाटीभर मुगाची उसळ, मेथी, काकडी, ताक. रात्री तेच, फक्त भाकरी अर्धी.

तुमच्या आजोबांनी हे ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"रोज?"

"रोज."

"अगं, जेलात बी रविवारी काय तर येगळं देत्यात."

"शिक्षा मला झालीय. तुम्हाला कशाला? तुमचं तुम्हाला हवं ते करून घालीन."

आजोबांचं खाणं तुम्ही पाहिलंय. पाटबंधारे खात्यात इंजिनियर म्हणून गावोगाव फिरले, पण जीभ निपाणीचीच राहिली. चहा संपला की त्यांचा पहिला प्रश्न असे, "आज काय?" काल झालेलं आज नको. एक दिवस पिठलं, दुसऱ्या दिवशी पालेभाजीचं गरगट्टं, मग डाळवांगं, रविवारी मटणाचा रस्सा, आणि मधूनच कारण नसताना शिरा. निम्मं जग त्यांनी जिभेने पाहिलंय असं मी म्हणायची. त्यावर ते म्हणत, "आणि निम्मं तुझ्या हातचं राहिलंय."

तर असं सुरू झालं. एका शेगडीवर माझं, दुसरीवर त्यांचं. त्यांना तव्यावरची गरम भाकरी वाढायची, त्यांचं झालं की मग माझं ताट मांडायचं. मेजाशी एकटी बसून मी माझी वाटी, माझी भाकरी, माझी काकडी शांतपणे खायची.

तुम्हाला वाटतं तितकं ते कंटाळवाणं नव्हतं. पहिले काही दिवस जीभ रुसली, खोटं कशाला सांगू. पण रोज तेच ताटात आलं की जीभ बारकावे ओळखू लागते. थंडीतली मेथी आणि पावसातली मेथी ही एक भाजी नव्हेच. पावसातली नुसती पाणचट. नवा जोंधळा आणि जुना जोंधळा भाकरी तव्यावर टाकतानाच वासावरून सांगता येतो. मूग एक दिवस जास्त मोड आलेले असले तर गोडसर लागतात. तरुणपणी हे मला कधी कळलं नव्हतं, कारण तेव्हा मी वर्गाची वेळ बघत जेवायची. आणि डोकं मोकळं झालं. ठरलेलं जेवण माणसाला बाकीचा दिवस परत देतं.

काटाही सुरुवातीला खाली सरकला. मी खूश, डॉक्टर खूश. तुमच्या बाबाने तर तिकिटं बघायला सुरुवात केली.

मग काटा थांबला, आणि थांबला तो थांबलाच. पुढच्या भेटीला तेवढाच, त्यानंतरही तेवढाच. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, घरी काही चुकतंय का बघा." मला राग आला. माझ्यासारखी बाई, जिचं ताट रोज डोळे मिटून मांडता येईल, तिला हे विचारणं! मी दुपारची भाकरीही अर्धी केली. रात्री नुसती उसळ. तरी काटा हलेना. गुडघे मात्र दुखायचे तसेच दुखत होते. एक दिवस मी तुमच्या बाबाला फोनवर सांगून टाकलं की तिकिटं बघू नकोस, माझं काही खरं नाही. फोन ठेवल्यावर आजोबा उठले. टीव्हीचा आवाज बंद करून नुसते माझ्याशेजारी बसून राहिले.

त्यानंतरची ही दुपार. आजोबांना त्या दिवशी पिठलं हवं होतं. लोखंडी कढईतलं, लसणाची फोडणी दिलेलं. त्यांचं जेवण झालं, माझंही झालं. ते आत आडवे झाले आणि मी आवरायला स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने पाणी प्यायला म्हणून ते मागून आले आणि दारातच उभे राहिले.

"काय करायलीस?"

"कढई घासायला टाकतेय."

"तोंडानं?"

माझ्या एका हातात कढई होती. दुसऱ्या हातात त्यांच्या ताटात उरलेला भाकरीचा तुकडा. कढईच्या बुडाला लागलेली पिठल्याची खरवड मी त्या तुकड्याने निपटून घेत होते. घास तोंडात होता.

"अहो, हे काय जेवण आहे? भांड्याला लागलंय ते."

"आन् काल शिरा लागला हुता, त्यो?"

"चमचाभर तर होता. तेवढ्यासाठी फ्रिजमध्ये भांडं अडवायचं?"

"रविवारचा रस्सा?"

"भाकरीचा तुकडा उरला होता. तो काय कोरडा खाऊ?"

आजोबा हसायला लागले. दाराला धरून हसले. "म्हंजे तुकडा उरला म्हणून रस्सा घ्यायचा, आन् रस्सा उरला म्हणून तुकडा घ्यायचा. हे संपायचं कधी गं बाई?"

मला हसू आलं नाही. मी खरंच सांगते, मी चोरून खात नव्हते. कुणी मला शपथेवर विचारलं असतं तरी मी म्हटलं असतं की अर्धी भाकरी आणि वाटीभर मुगाखेरीज मी काही खाल्लेलं नाही. ताटावर बसून खाल्लं ते खाल्लं. उभ्याने, ओट्याशी, भांड्यातून जे पोटात गेलं ते आवरणं. वर्गात मात्र मी मुलांना बजावायची की भांड्याच्या कडेला चिकटलेलंही धरायचं, नाहीतर उत्तर चुकेल.

मी स्टुलावर बसले. आजोबांचं हसू एव्हाना थांबलं होतं. ते माझ्या हातातल्या कढईकडे बघत होते.

"आई आशीच करायची," ते म्हणाले.

तुमच्या पणजीला तुम्ही पाहिलं नाही. निपाणीत तंबाखूच्या वखारीत त्यांचं अख्खं आयुष्य गेलं. मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा आजोबा नोकरीला लागले होते, घर जरा वर येऊ लागलं होतं, तरी त्यांनी वखार सोडली नव्हती. संध्याकाळी त्या दारात आल्या की आधी तंबाखूचा वास यायचा, मग खोकला, मग त्या. हातपाय धुऊन लगेच चुलीपुढे. सगळ्यांना वाढून झालं की त्या भाकरीचा एक तुकडा घेत आणि भांडं मांडीशी ओढत. त्यांचं वेगळं ताट मी कधी पाहिलं नाही. भांड्यात राहील ते त्यांचं.

मी बेळगावची, कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत शिकलेली. वडील कचेरीत नोकरीला, आमच्या घरी सगळ्यांची ताटं एकदम मांडली जायची. मला वाटलं होतं, या घरात मला अवघड जाणार. पण पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी सगळे उठल्यावर त्यांनी भांडं आम्हा दोघींच्या मधे ठेवलं, हातातला तुकडा मोडून अर्धा मला दिला आणि म्हणाल्या, "ये गं. ह्यात लई गोडी असती." मी त्यांच्या समोर बसले. एका बाजूने त्यांनी पुसलं, दुसऱ्या बाजूने मी. माझ्या इंग्रजीचं त्यांना कौतुक होतं, पण त्याविषयी काय बोलावं ते सुचायचं नाही, आणि वखारीविषयी काय विचारावं ते मला. त्या भांड्याशी मात्र आम्ही भरपूर बोलायचो. माझ्या मनात ती खरवड अजून सासूबाईंची माया आहे. ती पाण्याखाली धरून धुऊन टाकायला माझा हात धजत नाही, आजही.

फरक एवढाच, की त्यांच्या पोटात तेवढंच जायचं. माझ्या पोटात ते जेवणानंतर जात होतं.

आजोबा ओट्याला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "आईला मी ताटावर बसून जेवताना बघितलंच न्हाय कधी. आन् बघितलं न्हाय ह्ये बी आत्ता कळालं." त्यांनी कढई माझ्या हातातून काढून घेतली. "उद्यापासनं मला बी तुझंच वाढ."

"काहीतरीच काय? वजन माझं उतरायचंय."

"दोन भांडी चढली की दोन्हीत उरणार. एवढुसं पिठलं एका माणसाचं व्हतंय व्हय? त्यापरीस एकच कर. मोजून. दोघांचं."

"तुम्हाला जमणार नाही. दोन दिवसांत मिशा फेंदाराल."

"मिशा माझ्या हायत, काय करायचं त्ये मी बघतो."

उरलेलं टाकून दे, असं मात्र त्यांनी म्हटलं नाही. ते त्यांनाही जमलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून आमची दोन ताटं सारखी झाली. मागच्या रविवारी फोन माझ्याकडे वळवलेला होता म्हणून तुम्हाला दिसलं नाही, पण समोर आजोबा अगदी तेच खात होते. पहिल्या दिवसांत सवयीने चहानंतर "आज काय?" असं तोंडून निघून जायचं आणि मग स्वतःच, "व्हय व्हय, ठावं हाय." उसळीच्या वाटीकडे ते अशा नजरेने बघायचे की मुगाला लाज वाटावी. एके संध्याकाळी बाजारातून फार उशिरा आले. "लई गर्दी व्हती," म्हणाले. मिशीला भज्याचा चुरा अडकला होता. मी टॉवेल पुढे केला. त्यांनी तोंड पुसलं, टॉवेलकडे पाहिलं आणि म्हणाले, "एकच खाल्लं." मी म्हटलं, "मी काही विचारलं का?"

पण भाकऱ्या दोघांच्या सारख्या आणि भाजी एक, म्हटल्यावर एक गोष्ट आपोआप झाली. त्यांना आधी, मला नंतर, असं करण्याचं कारणच उरलं नाही. भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळायच्या आणि दोघांनी एकदम बसायचं. इतक्या वर्षांच्या संसारात रोजच्या दुपारी आम्ही असे समोरासमोर कधी बसलो नव्हतो. ते चावताना डोळे मिटतात, हे मला या वयात कळलं.

काही दिवसांनी त्यांनी हळूच तह मांडला. "मूग तुझं. भाकरी तुझी. पाला तेवढा माझ्याकडं दे." मला विचार करावा लागला. मग म्हटलं, चालेल, एका वेळी एक गोष्ट बदलायला माझी हरकत नाही. तेव्हापासून ते सकाळी उचगावच्या बायका भाजी घेऊन बसतात तिथे जातात आणि रोज वेगळा पाला आणतात. चाकवत, शेपू, पोकळा, अंबाडी, हरभऱ्याचा कोवळा पाला. कधी कधी नाव त्यांनाही ठाऊक नसतं. जेवताना मग त्यावर चर्चा. "कालच्यापरीस आंबट हाय." "लसूण कमी पडला." "आई ह्यात शेंगा कुटून घालायची." एका मुठीएवढ्या पाल्यात त्यांना आठवड्याचं सगळं वैविध्य सापडलं. मला तर वाटतं, बाकी सगळं तेच असल्यामुळेच सापडलं. ताटभर पदार्थांच्या गर्दीत त्या शेपूकडे कुणी वळून पाहिलं असतं?

सणावारी अडचण यायची. बुद्धपौर्णिमेला खीर केल्याशिवाय मला राहवेना. केली, पण आमची ताटं मांडायच्या आधी शेजारच्या आक्कांकडे आणि समोरच्या घरी डबे पाठवून दिले आणि पातेल्यात बरोबर दोन वाट्या ठेवल्या. पातेल्याला लागलेलं? तेही शेजारच्या आक्कांच्या नातवाला बोलावून त्याच्या हाती चमचा दिला. त्याने असं लख्ख केलं की मला फक्त विसळावं लागलं.

काटा हलला. सावकाश, पण हलला. परवाच्या भेटीत डॉक्टरांनी वजन पाहिलं, साखरेचा कागद पाहिला आणि टेबलावरची दिनदर्शिका पुढे ओढली. पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली आहे. आधी उजवा गुडघा, तो सावरला की डावा. त्यानंतर चालण्याचा सराव, आणि मग तुमच्याकडे. घाई करू नका, पण धाकट्याने शाळेची वाट नीट बघून ठेवावी.

तारीख कळताच तुमच्या बाबाने फोनवर दुसरा विषय काढला. आई अंथरुणात असेल तेव्हा स्वयंपाक कोण करणार? एखादी स्वयंपाकाची बाई ठेवू या. आजोबांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"कशाला? मी करतो की."

"अप्पा, तुम्हाला काय येतं?"

"मला एकच जेवण येतंय. तिला बी त्येच लागतंय. मग?"

एकच जेवण येतंय, हेही तेव्हा पूर्ण खरं नव्हतं. उसळ आणि पाला ते बघून बघून शिकले होते, पण भाकरीला त्यांनी हात लावलेला नव्हता. पीठ मळायला बसले काल सकाळी. मी मेजाशी खुर्चीवर, कारण ऑपरेशनपर्यंत उगाच उभं राहायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम आहे आणि त्यापेक्षा कडक हुकूम आजोबांचा. मी बसल्या जागेवरून सांगत होते. पाणी गरम घ्या. एवढं नको. तळव्याने मळा, बोटांनी नाही. थापताना खाली पीठ टाका.

"टाकलंय."

"कुठे? दिसत नाही."

"तुझं गुडघं गेलंत का डोळं?"

पहिली भाकरी परातीतून उचलतानाच दुभंगली. दुसरी तव्यावर पोचली, पण तिचा आकार कर्नाटकाच्या नकाशासारखा झाला. पाणी फिरवायला उशीर झाला आणि एक कड करपली. मला वास आला. मी हात मेजावर टेकून उठू लागले.

"बस खाली."

"अहो, उलटा तरी ती..."

"उलटतो. बस, म्हणलं न्हवं?"

मी बसले. वजन उतरवताना मला सगळ्यात अवघड काय गेलं असं कुणी विचारलं, तर मी रोजचे मूग सांगणार नाही, तो क्षण सांगेन. आपल्या स्वयंपाकघरात दुसऱ्याच्या हातून भाकरी करपत असताना हात मांडीवर ठेवून बसणं.

त्यांनी ताट माझ्यासमोर आणून ठेवलं. उसळ, अंबाडी, काकडी, ताक आणि तो नकाशा. स्वतःचं ताट समोर मांडलं, पण जेवायला सुरुवात केली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी करपलेल्या कडेचाच घास मोडला, अंबाडीला लावला आणि खाल्ला.

"कशी हाय?"

"मधे कच्ची आहे."

"आन् कड?"

"कड चांगली आहे," मी म्हटलं. खरोखरच चांगली होती. जोंधळा नवा होता.

त्यांनी मान हलवली, डोळे मिटून आपला पहिला घास घेतला, आणि चावता चावता म्हणाले, "उद्या बघ."